घंट्यांतून भाकरी वजा

तुमच्यापैकी जो सर्वांत मोठा आहे त्याने मागच्या पत्रात आपल्या नोकरीचे वर्णन केले आहे. व्यापारी कंपन्या त्याच्याकडे येतात, आणि त्यांच्या कचेऱ्या, कारखाने व गोदामे एकमेकांशी कशी बोलतील याची जोडणी तो आखून देतो. त्यासाठी कोणकोणत्या गोष्टी यायला हव्यात याची नऊ कलमांची यादीही त्याने पाठवली, आणि खाली लिहिले, 'आजी, तुला हे सगळे नवीन वाटेल.' यादी मी दोनदा वाचली. 'ग्राहकाचे काम समजून घेणे' हे त्यात सातवे आहे. मी ते लाल शाईने पहिल्या जागी नेले आहे. का ते क्रमाने सांगते, कारण हेच काम मी सोळाव्या वर्षी लातुरात केले होते आणि त्यात एक मोठी चूकही केली होती.

माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, निजामाच्या राज्यात मुदखेड स्टेशनावर तारेची आणि टेलिफोनची यंत्रे सांभाळत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, बाकी सारे मुदखेड तारबाबू म्हणे. वरच्या साहेबाशी त्यांचे एका खांबावरून बिनसले. साहेबाला तो खांब आपल्या बंगल्याच्या खिडकीसमोर नको होता आणि अण्णांना तो तिथेच हवा होता. खांब तिथेच राहिला, अण्णा राहिले नाहीत. राजीनामा हातात घेताना साहेब हसून म्हणाला, "दसरे तक तुम्हारी जगह खाली रखता हूँ, तारबाबू. आना तो पड़ेगा. आए तो सलाम करके आना."

अण्णांनी नांदेडला माझ्या आजोळी जाऊन जाहीर केले की आता आपण व्यापाऱ्यांना खाजगी टेलिफोन बसवून देणार. माझे मामा पान लावत होते. ते म्हणाले, "भावजी, व्यापाऱ्याला ओरडता येतं. तो फोन कशाला घेईल?"

तरी एक गिऱ्हाईक मिळाले होते. लातूरचे एक मोठे अडत व्यापारी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगापिंडाने भारदस्त, त्यांना सगळा बाजार अप्पा म्हणे. त्यांनी सोलापुरात कोणाच्या तरी दुकानात टेलिफोन पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. वैशाखात आम्ही परभणी-परळीवरून बिऱ्हाडासह लातूरला आलो. मी हैदराबादला मावशीकडे राहून मॅट्रिकची परीक्षा देऊन आले होते. इंग्रजी पत्रे लिहिणे आणि हिशोबी तक्ते आखणे या कामांसाठी अण्णांनी मला बरोबर घेतले.

आईने लातूरच्या दोन खोल्यांत चूल मांडली, चार भांडी बाहेर काढली, आणि मोठी लोखंडी पेटी आणली तशीच सुंभाच्या दोरीने आवळलेली ठेवून दिली. पितळी पातेली, पैठण्या, देवांची समई, सगळे तिच्यात.

"पेटी सोड की," अण्णा म्हणाले.

"दसऱ्याला परत बांधायचीच आहे, तर सोडायची कशाला?" आई म्हणाली आणि पिठाकडे वळली. त्यानंतर तिने त्या विषयावर एक अक्षर काढले नाही. पेटी मात्र उंबऱ्यासमोर होती, आणि येता-जाता अण्णांच्या पायाला लागत असे.

अप्पांना सहा फोन हवे होते. एक दुकानात, एक तेलाच्या गिरणीत, एक स्टेशनाजवळच्या गोदामात, एक घरी पुढच्या सोप्यात, एक माडीवर आणि एक गोठ्यात.

"गोठ्यात कशाला?" अण्णांनी विचारले.

"म्हैस व्यायला झाली की गडी सांगंल."

"गडी गोठ्यातनं ओरडला तर सोप्यात ऐकू येतं ना?"

"हाव, येतं."

"मग तिथं फोन झालेलाच आहे."

अप्पांना राग आला. पैसे द्यायला आपण तयार असताना हा माणूस कमी माल का देतो आहे हे त्यांना कळेना. ते मुनीमजींकडे वळून म्हणाले, "मुनीमजी, ह्या बाबूला धंदा न्हाई जमायचा." मुनीमजी म्हणजे अप्पांचे साठीचे, सडपातळ, सतत सायकलवर असलेले कारभारी. त्यांनी मान डोलावली. ते कशालाही मान डोलावत.

अण्णांची पद्धत अशी होती की तार कुठून कुठे न्यायची हे सर्वांत शेवटी ठरवायचे. आधी पंधरा दिवस बसून पाहायचे की कोण कोणाला निरोप पाठवतो, काय पाठवतो, दिवसातून किती वेळा, आणि निरोप उशिरा पोचला तर काय बिघडते. ते स्वतः गिरणीत आणि गोदामात जाऊन बसले. दुकान आणि घर माझ्याकडे आले. बाजारात मुलीने बसायची रीत नव्हती, म्हणून अप्पांच्या आईने दुकानाच्या आतल्या खोलीत, जाळीच्या खिडकीमागे माझ्यासाठी पोते टाकून दिले. तिला सगळे अव्वा म्हणत. ऐंशीच्या जवळ, दात तीन, पण बोलणे सबंध. "पोर तितं बसंल अन् लिहील," ती लेकाला म्हणाली. "तू काय बोलतो ते मलाबी वाचून दाखवंल. लई दिवस झाले, घरात काही सांगत न्हाईस."

मी वहीत तक्ता आखला. निरोप कोणाकडून, कोणाला, कोणामार्फत, किती वेळा, किती घाईचा. आडव्या रेघा काळ्या, उभ्या लाल. पंधरा दिवसांत तो तक्ता इतका सुरेख झाला की मी रोज संध्याकाळी तो उगीचच उघडून बघत असे. त्यातून कळले की अप्पांच्या धंद्यातले सर्वांत घाईचे निरोप घरून दुकानात येतात आणि ते भाजीचे असतात. गिरणीतून दिवसाला चार वेळा 'पट्टा तुटला' असा निरोप येतो, आणि दुकानातून चार वेळा 'शिवून घ्या' असा जातो. एक ओळ मात्र मला उमगेना. मुनीमजी दिवसातून दहा-अकरा वेळा सायकलवर गोदामात जात. गोदाम अप्पांचे धाकटे भाऊ पाहत, आणि मुरूड-रेणापूरकडून येणाऱ्या गाड्यांचा माल ते तिथेच परस्पर घेत. मुनीमजी निघताना अप्पा त्यांना काही सांगत नसत, नुसता हात हातात घेऊन वर रुमाल टाकत. गोदामातूनही अण्णांनी तेच लिहून आणले होते. मुनीमजी येतात, धाकट्या अप्पांचा हात हातात घेतात, परत जातात. बोलणे नाही.

मी विचार केला की हा या घराचा जिव्हाळा आहे. 'निरोप' या सदरात मी आधी 'विचारपूस' असे लिहिले. मग विचारपूसही कोणी करत नव्हते, म्हणून ती ओळ पट्टीने सरळ खोडली. तक्ता अधिकच नीट दिसू लागला.

त्या तक्त्यावरून अण्णांनी चार फोन ठरवले. दुकान, गिरणी, गोदाम, घर. दुकानात एक लाकडी पेटी, तिच्यावर तीन खिट्ट्या. ज्याच्याशी बोलायचे त्याची खिट्टी दाबायची, दांडा फिरवायचा, की तिकडे घंटी वाजते. लढाईचे दिवस होते, नवी यंत्रे मिळत नव्हती. मुंबईच्या एका जुन्या सामानाच्या दलालाला मी इंग्रजीत पत्रे लिहिली. तो प्रत्येक उत्तरात मला 'प्रिय महाशय' म्हणे आणि तिसऱ्या पत्रात त्याने माझ्या व्यवसायाची भरभराट चिंतली.

परवानगीची दरख्वास्त उर्दूत होती. कचेरीतल्या मुन्शीने नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला.

"इस तार में क्या बात होगी?"

"कारोबार की, साहब," अण्णा म्हणाले.

"कारोबार के सिवा हुई तो?"

अण्णांनी विचार करून सांगितले की घरचा फोन आहे, भाजीची होईल. मुन्शीने समासात 'तरकारी' असे लिहून घेतले आणि शिक्का मारला. त्या परवान्यावर तो शब्द शेवटपर्यंत होता.

तारा ओढताना शेजारच्या अडत्याने हरकत घेतली. हा अप्पांचा जुना प्रतिस्पर्धी. दोघांची दुकाने भिंतीला भिंत लागून, दोघे एकमेकांशी बोलत नसत, पण एकमेकांचे सगळे ऐकत असत. तार त्याच्या माळवदावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरून, चार हात उंच जात होती.

"माझं बोलणं तुमच्या तारंत शिरंल," तो म्हणाला.

"शिरायला दांडा फिरवावा लागतो, शेठ. तुमच्याकडे दांडा नाही."

"आज न्हाई," शेजारी म्हणाला. तेव्हा आम्हाला ते नुसतेच उत्तर वाटले.

भाद्रपदात सगळे बसवून झाले. घरच्या फोनची चाचणी म्हणून अण्णांनी अव्वाच्या कानाला तो लावून दिला. पलीकडे दुकानात अप्पा.

"अव्वा, ऐकू येतं का?"

अव्वाने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे नीट पाहिले. "हा असा का बोलून राहिला? पडसं झालं की काय ह्याला?" मग फोन तोंडाशी नेऊन ती इतक्या जोराने ओरडली की अप्पांना ती फोनमधून आणि रस्त्यावरून, दोन्हीकडून ऐकू आली. "सुंठ घे!"

नवा मूग येऊ लागला होता. पहिल्या बाजाराच्या दिवशी दुकान शेतकऱ्यांनी आणि दलालांनी भरलेले, शेजारीही मुद्दाम येऊन ओट्यावर बसलेला. मी जाळीमागे होते. अप्पांनी सर्वांसमोर ऐटीत गोदामाची खिट्टी दाबली आणि दांडा फिरवला. धाकट्या भावाचा आवाज आला. फोन जुना होता पण खणखणीत, अर्ध्या दुकानाला ऐकू जात होते.

"दादा, मुगाचा भाव काय धरू?"

अप्पांनी तोंड उघडले, समोर पाहिले आणि मिटले. तीस माणसे कान टवकारून बसली होती.

"पाऊस बरा हाय," अप्पा म्हणाले.

"दादा, पाऊस मला दिसून राहिला. भाव सांग."

"घरी समदी बरी हायत."

"मी सकाळी घरनंच आलो की! गाड्या थांबल्यात, दादा!"

अप्पांच्या कपाळावरच्या विभूतीवर घाम आला. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, फोनवर टाकला, रुमालाखाली हात घातला आणि फोनची कानाला लावायची ती काळी मूठ आपल्या बोटांनी दाबली. आधी चार बोटे, मग दोन.

"कळलं का?" त्यांनी विचारले.

"काय कळलं?" फोन म्हणाला.

दुकान हसले. शेजाऱ्याला तर ठसका लागला. अप्पांनी फोन खाली ठेवला, मुनीमजींचा हात धरला, वर रुमाल टाकला, आणि मुनीमजी सायकलवर बसून गेले. संध्याकाळी अप्पांनी अण्णांना बोलावून चार शब्दांत निकाल दिला. "तुमचे डबे घेऊन जा."

"अहो पण काय झालं ते तरी…"

"मी भाव तोंडानं बोलत न्हाई, तारबाबू. माझा बाप बोलला न्हाई. ह्या बाजारात कुणीच बोलत न्हाई. दसऱ्यापातुर उतरवून न्या."

दसऱ्याला सोळा दिवस होते. अण्णा घरी आले, पेटीला अडखळले आणि तिच्यावरच बसले. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी मात्र वही उघडून ती खोडलेली ओळ पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन अव्वाकडे गेले. ती भाकरी थापत होती. घरात सुना होत्या, पण दोन्ही लेकांच्या डब्याची भाकरी ती स्वतःच करी.

"अव्वा, मुनीमजी गोदामात कशाला जातात?"

"हात द्यायला."

"म्हणजे?"

तिने पिठाचा हात पुसला, माझा हात ओढला, वरून पदर टाकला आणि माझी बोटे धरली. "किती दिली?"

"चार."

"आता?"

"तीन."

"कुणी काही बोललं का?"

"नाही."

"मग तू लिहिलं का?"

मी वही मिटली. अव्वा तीन दातांनी हसली. "मायऽ, हत्ता हाय तो. भाव हातावर देतात. पदराखाली, रुमालाखाली, बघणाऱ्याला दिसत न्हाई, ऐकणाऱ्याला कळत न्हाई. माझा नवरा जेवाय बसला की त्याची बोटं वळलेली असायची. त्यावरनं मला मुगाचा भाव कळायचा. तुम्ही शिकलेली माणसं तोंडाकडं बघता."

बोललेले सारे मी टिपले होते. ज्यासाठी दुकान चालत होते ते कोणी बोलतच नव्हते, आणि तेच मी पट्टीने खोडले होते. घरी येऊन मी अण्णांना ओळ दाखवली आणि चूक माझी आहे असे सांगितले. मला वाटले रागावतील. त्यांनी माझ्या हातून पेन घेतले, तक्त्याच्या उजव्या कडेला, माझ्या सुरेख चौकटीच्या बाहेर, एक वेडीवाकडी उभी रेघ ओढली आणि वर लिहिले, 'न बोललेले'. मला ती रेघ फार खुपली. आजही ती वही उघडली की खुपते.

"हातच पाठवायचा असेल तर," अण्णा म्हणाले, "घंटी आहे की! सहा आणे असतील तर सहा वेळा तुटक घंटी. फोन उचलायचाच नाही." त्या बाजारात रुपयाचा आकडा सर्वांना ठाऊक असे, लढाई सगळी वरच्या आण्यांची होती. आम्ही दोघे तसेच अप्पांच्या घरी गेलो.

अप्पा सोप्यात बसले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि मान हलवली. "घंटी कानानंच मोजतात ना? शेजारी काय बहिरा हाय? मी इकडं दांडा फिरवला की तो तिकडं बोटं मोजंल."

तेवढ्यात आतून अव्वा आली आणि उंबऱ्यावर टेकली.

"तुझ्या डब्यात रोज किती भाकरी असत्यात, कुणाला ठाऊक हाय?"

"आता भाकरीचं काय मधेच?"

"सांग की."

"तू कधी तीन घालतीस, कधी पाच. डबा उघडला की कळतं."

"अन् धाकट्याला?"

"त्यालाबी तेवढ्याच. तू दोघांत भेद करत न्हाईस."

"अन् शेजारच्याला ठाऊक हायत का?"

अप्पा सरसावून बसले. मग त्यांनी अण्णांकडे पाहिले, अण्णांनी माझ्याकडे पाहिले. पाच भाकरी आणि सहा आणे म्हणजे अकरा घंट्या. ऐकणाऱ्याने खुशाल अकरा मोजाव्यात. धाकट्याने डबा उघडून पाच वजा कराव्यात. अव्वाने रोज मनाला येईल तेवढ्या भाकरी घालाव्यात आणि कोणालाही सांगू नये.

"सुनांनाबी?" अप्पांनी विचारले.

"सुनांना तर न्हाईच," अव्वा म्हणाली.

अप्पांनी पुढच्या बाजारापर्यंतची मुदत दिली. त्या दिवशी जमले तर फोन राहतील, नाही तर दुसऱ्या दिवशी खांब उपटायचे. तो बाजार दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात होता.

बाजाराच्या सकाळी अप्पांनी गादीवर बसल्याबसल्या डबा उघडला, आत पाहिले आणि मिटला. "आजपासून न्याहारी लौकर का?" असे कोणीतरी विचारले. मग सौदे झाले, रुमाल पडले, उठले, आणि अप्पांनी सर्वांदेखत गोदामाची खिट्टी दाबून अकरा वेळा तुटक दांडा फिरवला. ओट्यावर शेजाऱ्याचे ओठ हलत होते. अकरापर्यंत पोचल्यावर तो गोंधळला. अकरा आणे वर भाव त्याने जन्मात दिला नव्हता. अप्पा मिशीत हसले.

तासाभरात बाजारात विचित्र प्रकार सुरू झाला. गाड्या दुकानाकडे येईनात. चौकातून वळून सगळ्या स्टेशनाकडे जाऊ लागल्या. गाडीवाले एकमेकांना ओरडून सांगत होते की गोदामात जास्त भाव आहे. दुपारपर्यंत बाजारातल्या चार दुकानांत मिळून एक पोते पडले नाही, आणि अप्पांच्या गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही. धाकट्या अप्पांनी सात आण्याने मूग घेतला होता. अप्पांनी कळवलेले सहा नव्हे, सात.

अण्णा घामाघूम होऊन सायकलवरून गोदामात गेले. तारा तपासल्या, घंटी तपासली. घंट्या अकराच पोचल्या होत्या. मग त्यांनी डबा मागितला.

"किती भाकरी होत्या?"

"चार," धाकटे अप्पा म्हणाले. "अकरातनं चार गेल्या, सात."

"अप्पांच्या डब्यात पाच होत्या."

दोघांनी सावकाश मान वळवून दाराशी बसलेल्या मुनीमजींकडे पाहिले. डबा रोज तेच पोचवत असत. मुनीमजींनी नेहमीप्रमाणे मान डोलावली, आणि मग ते डोलावणे हळूहळू थांबले.

"भूक लागली व्हती, सायेब," ते म्हणाले. "दिसाला दहा-अकरा येरझाऱ्या माराव्या लागायच्या तवा भूक न्हाई लागायची. आता बसून बसून लागती."

संध्याकाळी अप्पांच्या सोप्यात अण्णा फाशीची शिक्षा ऐकायला उभे राहावे तसे उभे होते. मी त्यांच्या मागे. अप्पा लालभडक झाले होते. पोत्यामागे एक आणा जास्त, आणि पोती किती ते विचारायची हिंमत कोणाला नव्हती. ते तोंड उघडणार एवढ्यात दारात शेजारी उभा राहिला. वीस वर्षांत तो त्या घराचा उंबरा चढला नव्हता.

"रामराम अप्पा," तो म्हणाला.

अप्पांनी नुसतेच हात जोडले.

"मानलं बरं का. मूग चढणार ही बातमी तुम्हाला मुंबईहून त्या तारंतनं आली ना? आम्ही बसलो घंट्या मोजत, अन् तुम्ही समदा बाजार गोदामात नेला." मग तो अण्णांकडे वळला. "तारबाबू, मलाबी असंच बसवून द्या. पर अप्पांपरीस एक घंटी जास्त पाहिजे."

अप्पांनी शेजाऱ्याकडे पाहिले. मग अण्णांकडे. मग उंबऱ्याच्या आत अव्वाकडे, जी पदर तोंडात कोंबून बसली होती. चूक झाली असे म्हणावे तर भाकरीचे सांगावे लागणार. डबे काढून न्या म्हणावे तर उद्या शेजाऱ्याच्या माळवदावर तेच लागणार. आणि वीस वर्षांनी शेजाऱ्याने 'मानलं' म्हटले होते.

"हाव," अप्पा शेवटी म्हणाले. "आमचं काम असंच असतं." मग घसा साफ करून, "मुनीमजी, तारबाबूंना चहा सांगा. घरचा फोन हाय ना, दांडा फिरवा."

चहा चार हातांवरच्या चुलीवर होत होता. तरीही अप्पांनी माणूस दुकानात पाठवून तिथून फोन करवला, आणि अव्वाने तो उचलून ओरडून सांगितले की आधीच टाकलाय.

मूग पुढे चढला की उतरला हे मला आठवत नाही, आणि तक्त्यात ते सदर नव्हते. त्या दिवसापासून डब्याच्या फडक्याला अव्वा स्वतःची एक गाठ मारू लागली, आणि मुनीमजींसाठी वेगळी भाकरी बाहेर बांधली जाऊ लागली. शेजाऱ्याची जोडणी करायला अण्णा गेले तेव्हा त्यांनी पहिले चार दिवस तार, फोन, नकाशा कशाचाच विषय काढला नाही. नुसते ओट्यावर बसून लोकांच्या हातांकडे बघत राहिले. शेजाऱ्याला वाटले बाबूला काम येत नाही. शेजाऱ्याने आपल्या घरात काय वजा करायचे ठरवले हे अण्णांनी मलाही कधी सांगितले नाही, आणि तुम्ही लोक ज्याला गुप्तता म्हणता ती तीच.

दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी मला मुदखेडच्या साहेबाला पत्र लिहायला बसवले. जागा भरावी, आपण येत नाही, कळावे. मी मजकूर स्वच्छ उतरवला आणि वाळायला म्हणून वहीवर ठेवला. वही 'न बोललेले' या सदरावर उघडली होती. त्यात मुनीमजींची ओळ परत लिहून झाली होती, खाली जागा मोकळी होती. मी विचार करत बसले होते तेवढ्यात अण्णा अंगणात जायला उठले. उंबऱ्याजवळ सवयीने त्यांनी पाय उंच उचलला आणि तो रिकाम्या जमिनीवर पडला.

पेटी भिंतीकडे सरकवलेली होती, झाकण उघडे. देवापुढे समई लावलेली. अंगणात दोन खुंट्यांच्या मध्ये ती सुंभाची दोरी ताणलेली होती आणि आई तिच्यावर अण्णांचे धोतर वाळत घालत होती.

"काय गं हे?" अण्णांनी विचारले.

"दोरी आखूड पडत होती," आई म्हणाली, आणि धोतराची सुरकुती झटकू लागली.